डाव्या घडीचे सेट

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना मला कळलं, की कागदोपत्री मी या हॉस्पिटलातली सगळ्यात निष्काळजी बाई आहे.

तोवर माझी समजूत अगदी उलटी होती. स्वतःबद्दल विचार करत बसायला वेळ तरी कुठे होता म्हणा. सकाळी तळघरात उतरायचं, टोपी चढवायची, हातमोजे घालायचे आणि संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन वर यायचं. अशी एकतीस वर्षं गेली. आमचा विभाग म्हणजे शस्त्रक्रियेची अवजारं धुऊन, मोजून, कापडात बांधून, वाफेच्या भट्टीतून काढून वर ऑपरेशन थिएटरला पाठवायची जागा. दाराबाहेर विभागाचं लांबलचक नाव लिहिलंय, आम्ही त्याला तळघरच म्हणतो. खिडकी एकच, तीही छताला टेकलेली. तिच्यातून बाहेरच्या लोकांच्या फक्त चपला दिसतात. दोन भट्ट्या, एक लांब स्टीलचं टेबल, सहा बायका, आणि इकडची गरम हवा तिकडे ढकलणारा एक पंखा.

एका शस्त्रक्रियेची सगळी अवजारं एका ट्रेमध्ये बांधली, की त्याला सेट म्हणतात. प्रत्येक सेटमध्ये एक चिठ्ठी जाते. तिच्यावर चिमटे किती, कात्र्या किती, तारीख काय, हे सगळं असतं, आणि खाली ‘बांधणाऱ्याची सही’. आमच्या तळघरात ती सही माझी असायची. सेट कुणीही बांधो, सही माझी. मी प्रमुख झाले त्याला अठरा वर्षं झाली, आणि त्याआधी ती थोरल्या बाईंची असायची. थोरल्या बाई म्हणजे माझ्याआधीच्या प्रमुख. मला हातात चिमटा कसा धरायचा इथपासून शिकवलं ते त्यांनी.

ही पद्धत का पडली, ते सांगते. मला नोकरीला लागून दुसरं वर्ष चाललं होतं. टेबलावर माझ्या शेजारी बसणारी एक होती, हसरी, दिवसभर गुणगुणायची. एका दुपारी वरून निरोप आला, की हिने बांधलेल्या सेटमध्ये एक चिमटा कमी आहे, तिला ऑफिसात पाठवा. ती एकटीच जिना चढून गेली. परत खाली आलीच नाही. वरच्या वर तिला फाटकाबाहेर काढली. तिचा अर्धा प्यालेला चहा टेबलावर तसाच होता. तो मीच ओतून टाकला आणि कप धुऊन ठेवला. चौथ्या दिवशी तो चिमटा धुलाईखात्यात एका चादरीत सापडला. तिला परत बोलवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

तिला काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाल्या, “आजपासून चिठ्ठीवर सही माझी. बोलणी खायची ती मी खाईन. तुम्ही माना खाली घालून काम करा.” आम्हाला रडू फुटायचं बाकी होतं. असं माणूस नशिबाने मिळतं, असं मी घरी जाऊन सांगितलं. पुढे माझ्यावर जबाबदारी आली तेव्हा मीही तेच केलं, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले. एकीचीही नोकरी माझ्या अठरा वर्षांत गेली नाही.

तर त्या मंगळवारी अधीक्षक मॅडमनी मला वर बोलावलं. मॅडम माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, बोलायला तोडून टाकल्यासारख्या, पण मनाच्या वाईट नाहीत. मला वाटलं, निरोपाच्या कार्यक्रमाचं काही असेल. मला ‘मार्गदर्शक’ म्हणून एक ढाल द्यायची ठरली होती आणि तिच्यावर काय लिहायचं यावर बरेच दिवस खल चालला होता.

“तुमच्या जागेसाठी तुमच्याकडच्या बाईंचा अर्ज आलाय,” मॅडम म्हणाल्या. “बाद करावा लागणार.”

अर्ज मुंगीचा होता. मुंगी म्हणजे आमच्यातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात कामसू. सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते म्हणून हे नाव. अकरा वर्षांपूर्वी फरशी पुसायला आली होती. तिची नजर मी हेरली आणि महिन्याभरात तिला टेबलावर बसवली. तिने अर्ज करावा म्हणून दोन महिने मीच तिच्या मागे लागले होते.

“का बाद?”

“नियम आहे. मागच्या दोन वर्षांत स्वतःच्या सहीचे तीनशे सेट लागतात. या बाईंचा एकही नाही.”

मला हसूच आलं. “मॅडम, ती दिवसाला वीस बांधते.”

“मग सही?”

“माझी.”

मॅडमनी चष्मा काढला. मग मी सगळी पद्धत सांगितली, जरा अभिमानानेच सांगितली. त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

“हा नियम मी आणलाय,” त्या म्हणाल्या. “आधी ही पदं कुणाच्या तरी शब्दावर जायची. दर वेळी कुणाचा तरी भाऊ, नाहीतर मेहुणा. म्हटलं, शब्द नको, काम बघू. कामात बायका कुठे कमी पडतात? आणि आता बघते तर तुमच्या पाचही जणींच्या कामाचा कागदच नाही. अकरा वर्षं ही बाई तळघरात होती याला पुरावा काय? हजेरीपट.”

मी खुर्चीत सरसावून बसले.

“आणि ह्या एकसष्ट चुका?” त्यांनी थिएटरची वही माझ्यासमोर सरकवली. परत आलेल्या सेटांची नोंद तिच्यात असते. “एकसष्टच्या एकसष्ट तुमच्या सहीच्या. तुमची अठरा वर्षं बाजूला ठेवली आणि नुसती ही वही वाचली, तर तुम्हाला मी धुलाईतसुद्धा ठेवणार नाही.”

अर्जांचा निकाल शुक्रवारी होता. दुसऱ्या हॉस्पिटलातून एकाचा अर्ज आला होता. त्याच्याकडे सह्या होत्या, शिक्का होता, सगळं होतं. मी जिना उतरले. त्या दिवशी त्या जिन्याला नेहमीपेक्षा जास्त पायऱ्या होत्या असं मी शपथेवर सांगेन.

मुंगी टेबलाशी पोटाच्या शस्त्रक्रियेचा मोठा सेट बांधत होती. तिला आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. कापडाचं एक टोक आत, दुसरं टोक आत.

“सासूने शेजारीपाजारी सांगून टाकलंय,” ती म्हणाली. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. दोन मुली सासूच्या जिवावर वाढत होत्या. ती सासू कौतुकाचा शब्द जपून वापरणारी, आणि तिने सुनेचं कौतुक गल्लीभर केलं होतं.

“मी काहीतरी बघते,” मी म्हटलं.

“बाई, त्या एकसष्टमध्ये माझ्या किती?”

“म्हणजे?”

“चुका हो. माझ्या किती?”

मला माहीत नव्हतं. सेट परत आला की मी वर जायची, बोलणी खायची, खाली येऊन पाणी प्यायची आणि सेट स्वतः नीट करून पाठवायची. कुणाचा होता ते बघायचंच नाही, हा तर माझा नेम होता. कुणाच्या मनाला लागायला नको.

“नाही माहीत गं.”

तिने पहिल्यांदा मान वर केली. “अकरा वर्षं मी हे करते. मी चांगलं करते की वाईट, हे तुम्हालाही माहीत नाही?”

“चांगलं करतेस. म्हणून तर अर्ज करायला लावला.”

“कशावरून?”

आतून माहीत होतं, पण आतलं काढून टेबलावर ठेवता येईना. मुंगीने शेवटचं टोक खोचलं, पट्टी चिकटवली आणि सवयीने चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, सही केली.

घरी आल्यावर कोमट पाण्यात पाय सोडून बसले. आमचे हे निवृत्त होऊन चार वर्षं झालीत. तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलंय आणि मला तिथे पाहुण्यासारखं वागवतात. कांदा चिरता चिरता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे अठरा वर्षं दिवसाला शंभर सेट तू एकटीने बांधलेस,” ते म्हणाले. “तरीच पाय दुखतात.”

“थट्टा नको. डोकं फुटायची वेळ आलीये.”

“मग लिहून दे. सही माझी, हात त्यांचे.”

“अहो, खोट्या सह्या केल्या असं लिहून देऊ? जायला तीन आठवडे राहिले असताना?”

“मग नको देऊस,” ते म्हणाले आणि दुसरा कांदा घेतला. हे त्यांचं जुनं हत्यार आहे. वाद घालतील तर मी जिंकेन, म्हणून घालतच नाहीत.

मला राग आला होता आणि तो नेमका कुणावर ते कळत नव्हतं. थोरल्या बाईंवर रागवावं तर त्या जाऊनही बारा वर्षं झाली. मॅडमचं चुकलं म्हणावं तर त्यांनी बायकांसाठीच नियम केला. मीही बायकांसाठीच सह्या केल्या. दोघी एकाच बाजूच्या, आणि मधल्यामध्ये मुंगी चिरडली. सगळ्यात जास्त काय आला असेल तर कंटाळा. मला वाटलं होतं, माझं चढून झालं, आता फक्त उतरायचं आहे. पाणी गार होईपर्यंत तशीच बसून राहिले.

गुरुवारी सकाळी थिएटरच्या सिस्टरकडे गेले. या सिस्टर म्हणजे वरच्या मजल्याची तोफ. परत आलेला सेट हातात देताना त्या जे बोलायच्या ते मी खाली कधी सांगितलं नाही. मला ती वही हवी होती. म्हटलं, तारखा जुळवून कोणती चूक कुणाची ते शोधून काढावं. सिस्टरनी कारण विचारलं. मी मुंगीचं सांगायला लागले तेवढ्यात त्या म्हणाल्या, “डावखुरी आहे का हो ती?”

“आहे. का?”

त्यांनी मला कपाटापाशी नेलं. आमचे सेट रांगेत ठेवलेले होते. “हे बघा. घडीचं शेवटचं टोक सगळ्यांचं उजवीकडे निघतं. आणि या सेटांचं डावीकडे.” खालचा कप्पा वेगळा होता. त्यात सगळे डाव्या घडीचे. “हे मी बाजूला काढून ठेवते. अवघड केस असली, की डॉक्टर काय मागतील ते मागोत, मी मुलींना सांगते, डाव्या घडीचा सेट घ्या. नऊ वर्षं मी इथे आहे. डाव्या घडीचा एकही परत पाठवलेला नाही.”

“एकही?”

“एकही. इतके दिवस मला वाटत होतं, तुम्हीच कधी डाव्या हाताने बांधता, जास्त मन लागलं की. सही तुमचीच ना.”

वरच्या मजल्यावर नऊ वर्षं तिचं काम वेगळ्या कप्प्यात ठेवलं जात होतं, आणि मी खाली तिच्या शेजारी बसून ‘कशावरून’ला उत्तर देऊ शकले नव्हते.

“आणि ज्यांची पट्टी दुहेरी असते, ते माझे. ते कसे असतात?” न राहवून विचारलं.

सिस्टर जराशा घुटमळल्या. “ते होय, उजवीकडचे. दोन वर्षं झाली, जरा सैल येतात. वय होतं हो माणसाचं.”

तोंड कुठे लपवू असं मला झालं. पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणीतरी मला काहीतरी सांगितलं होतं.

सिस्टरनी एका कागदावर सगळं लिहून सही केली. दुसरा कागद मी लिहिला. अठरा वर्षं चिठ्ठ्यांवर सही माझी, काम ज्याचं त्याचं. हे मी जाणूनबुजून केलं. माझ्या हाताखालच्यांनी ते माझ्या सांगण्यावरून चालू दिलं. दोन्ही कागद नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवले.

मॅडमनी दोनदा वाचलं. “हे घेतलं, तर मला चौकशी लावावी लागेल. निरोपाचा कार्यक्रम होणार नाही. ती ढाल तयार होऊन आली आहे.”

“राहू द्या. तासभर उभं राहायला माझे पाय कुठे धड आहेत.”

“हसण्यावारी नेऊ नका, बाई. तुमच्या शेवटच्या पानावर हे राहील.”

“एकसष्ट चुका आहेतच, मॅडम. बासष्टावी लिहा. ही मात्र खरंच माझी आहे.”

त्या उठल्या आणि चक्क माझ्याबरोबर तळघरात आल्या. या इमारतीतले किती अधीक्षक आमच्या तळघरात उतरले, ते मोजायला बोटंही लागत नाहीत. त्यांनी मुंगीला एक सेट बांधायला लावला आणि शेजारी उभ्या राहून बघत राहिल्या. शेवटचं टोक डावीकडे निघालं. मॅडमनी सिस्टरचा कागद मुंगीच्या हातात दिला. तिने तो वाचला, परत वाचला, आणि मग तोंड फिरवून उगाचच भट्टीचं दार बंद आहे ना ते बघत राहिली. दार बंदच होतं.

पद काही लगेच मिळालं नाही. गोष्टीत मिळतं तसं ऑफिसात मिळत नाही. भरती सहा महिने पुढे ढकलली, माझ्यावर चौकशी लागली, प्रभारी म्हणून लगेच मुंगी, आणि सोमवारपासून ज्याची घडी त्याची सही. सहा महिन्यांत तीनशे सहज भरतील, मग अर्ज उभा राहील.

सोमवार वाईट गेला. बाकीच्या चौघींनी माझ्याशी धड बोलणं सोडलं. एक जण तोंडावर म्हणाली, “जाता जाता आम्हाला उघड्यावर टाकून चाललात.” मला तिचा राग आला नाही. चिठ्ठीवर सही करताना तिचा हात असा जड झाला होता, की जणू घर लिहून देत होती. मुंगीही माझ्याशी गरजेपुरतंच बोलायची. मी तिच्याकडून आभाराची वाट बघत नव्हते असं म्हणाले, तर ते खोटं होईल. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती एवढंच म्हणाली, “बाई, नऊ वर्षांपूर्वी मला हे कळलं असतं, तर मी घरी मान वर करून गेले असते.” मी मान खाली घालून जेवत राहिले.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी वरून फोन आला. सेटमध्ये एक चिमटा कमी. सुरुवातीलाच मोजतात म्हणून लक्षात आलं, पण दुसरा सेट उघडेपर्यंत पेशंट टेबलावर ताटकळला होता. चिठ्ठीवर सही आमच्या नवीची. नवी म्हणजे चाळिशीची बाई, नवरा गेल्यावर सहा महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, आवाज चढला की दचकणारी. फोन मुंगीने घेतला होता. “ज्यांची सही आहे त्यांना ऑफिसात पाठवा,” असं पलीकडून सांगितलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

नवीचा चेहरा पांढरा पडला. माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला. कशाला, देव जाणे. सही तर होऊन गेली होती. पण मी उठले, जिन्याकडे दोन पावलं टाकलीसुद्धा.

“बाई, तुम्ही बसा,” मुंगी म्हणाली. आवाज चढवला नाही. मी बसले.

तिने आधी धुण्याची टोपली उलटी केली. चिमटा जाळीच्या कोपऱ्यात अडकलेला होता. तो नवीच्या हातात ठेवून ती म्हणाली, “धुतल्यावर सोळा मोजलेस, बांधताना मोजलेच नाहीस. हो ना?”

नवीने मान हलवली. डोळे भरून आले होते.

“हेच सांगायचं, असंच. सही तुझी, तर सांगायचंही तूच.”

“मला काढून टाकतील.”

“तुझे बाकीचे एकशे चार सेट धड गेलेत. तेही सांगायचं. आपली सेटांची वही मी घेते.” मुंगीने हातमोजे काढले, टोपी काढली, केस सारखे केले आणि वही काखेत मारली. “चल. मी येतेय ना बरोबर.”

दोघी जिन्याकडे गेल्या. नवी दोनदा अडखळली, तेव्हा मुंगीने तिचा हात धरला. त्यांची पावलं वर वर जाताना ऐकू येत होती.

मी तशीच बसले होते. एकतीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. थोरल्या बाईंनाही नाही. आम्ही सह्या घेतल्या, बोलणी घेतली, सगळं अंगावर घेतलं. पण त्या दुपारी माझ्या शेजारची उठली तेव्हा मी तिशीच्या आतली होते, पाय धड होते, आणि तिच्याबरोबर जिना चढून जाणं काही कठीण नव्हतं.

नवीचा चहा टेबलावर अर्धा राहिला होता. मी उठून त्याच्यावर बशी झाकली आणि जिन्याकडे तोंड करून बसले. बराच वेळ गेला. मग पावलं ऐकू आली. मी मोजली. दोघींची होती.